जखमेवर काय लावलं होतं, एवढं विचारा

मुंबईतल्या दवाखान्यांत जखमा धुणाऱ्या, बांधणाऱ्या डॉक्टर, सिस्टर आणि ड्रेसर मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

मी परळची. गिरणी कामगाराची मुलगी. मराठी शाळेत विज्ञान शिकवलं, आता निवृत्त आहे. तुमच्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. सकाळी केस पेपरच्या खिडकीपासून जिन्यापर्यंत लागलेली रांग, त्यात कुणाचा सडलेला अंगठा, कुणाचा पत्र्यानं कापलेला पंजा, कुणाचं भाजलेलं पोर. त्या वासात, त्या रडारडीत तुम्ही दुपारपर्यंत उभे असता. वडिलांच्या पायामुळे मी त्या टेबलाशेजारी बरेच महिने उभी राहिले आहे, म्हणून हे मला माहीत आहे.

हे पत्र एका प्रश्नासाठी लिहिते आहे. जखम घेऊन माणूस समोर आला की तुम्ही विचारता: कधी लागलं, कशानं लागलं, टीटी, म्हणजे धनुर्वाताचं इंजेक्शन, घेतलं का, शुगर आहे का. त्यात आणखी एक प्रश्न घाला. "जखमेवर काय लावलं होतं?" आणि जे उत्तर येईल ते कपाळाला आठी न घालता केस पेपरवर लिहून ठेवा. माझी मागणी एवढीच आहे. ती एवढी कळकळीनं का करते आहे, ते सांगते.

आमच्या चाळीच्या मागे रेल्वेची भिंत होती. पावसाळा सरला की त्या भिंतीच्या पायथ्याशी एकदांडी उगवायची. तुम्हीही ती रोज बघता, फक्त नावानं ओळखत नसाल. जमिनीलगत पसरलेली, खरखरीत लवेची, कातरलेल्या कडांची पानं, आणि त्यातून वर आलेला एकच लांब, बारीक दांडा. दांड्याच्या टोकाला शर्टाच्या बटणाएवढं फूल, मध्ये पिवळं आणि कडेला पाच-सहा पांढुरक्या पाकळ्या. कुणी तिला दगडीपाला म्हणतं, कुणी कंबरमोडी. फुटपाथच्या फटीत, फलाटाच्या टोकाला, पडक्या गिरण्यांच्या आवारात, कुठेही येते.

आई चार-पाच पानं खुडायची, नळाखाली धुवायची आणि दोन्ही तळव्यांत दाबून चोळायची. आधी पानं नुसती कोमेजायची, मग ओली व्हायची, मग काळपट. मुठीच्या खालच्या बाजूनं रसाचे दोन-तीन थेंब जखमेवर पडले की असं झोंबायचं की डोळ्यांत पाणी यायचं. थोड्या वेळानं रक्त थांबायचं. चोथा जखमेवर ठेवून वर जुन्या धोतराची चिंधी. आमचे सगळ्या भावंडांचे गुडघे आणि कोपरं याच रसावर वाढली. आईला हे तिच्या आईनं संगमेश्वरकडे शिकवलं होतं. पुढे मी वाचलं की ही वनस्पती मूळची आपल्याकडची नाहीच, ती अमेरिका खंडातल्या उष्ण प्रदेशातून इथे आली. मला त्याचं फार अप्रूप वाटलं. म्हणजे आपल्या आज्या-पणज्यांनी परक्या मुलुखातून आलेलं एक तण उचललं, जखमेला लावून पाहिलं, उपयोग दिसला म्हणून ठेवलं आणि लेकीला सांगितलं.

बाबा गिरणीच्या विणकाम खात्यात साच्यावर, म्हणजे मागावर, होते. १९७८ किंवा ७९ साली धोटा उडून त्यांच्या मनगटाला लागला आणि चांगलीच खोक पडली. शेजारच्या साच्यावरच्या माणसानं आवारातला दगडीपाला चुरडून त्यावर दाबला आणि बाबांना गिरणीजवळच्या एका दवाखान्यात नेलं. तिथे टेबलाशी जे कोणी होते, त्यांनी चिमट्यानं तो पाला उचलला, सगळ्यांना दिसेल असा वर धरला आणि बादलीत टाकला. "हा कचरा लावून येता? मग झाडालाच विचारा टाके घालायला." रांगेत गिरणीतलेच वीसेक जण होते. काही हसले. बाबांना टाके पडले, जखम भरली, मनगटावर एक पांढरी रेघ राहिली. पण त्या दिवसापासून बाबांनी कुठल्याही डॉक्टरला, घरी काय लावलं ते सांगितलं नाही. म्हणजे लावायचं थांबवलं असं नाही. लावत राहिले, फक्त सांगणं थांबवलं.

१९८२चा संप झाला, गिरणी सुटली ती सुटलीच. बाबा एका गोडाउनवर वॉचमन म्हणून लागले. त्याच सुमारास मधुमेह निघाला. १९९७च्या मे महिन्यात नव्या चपलेचा अंगठा चावला आणि उजव्या पायाच्या अंगठ्याजवळ फोड आला. तो फुटला. बाबांनी एकदांडीचा रस लावला, मग हळद भरली, हळद-तेल गरम करून बांधलं, कुणीतरी सांगितलं म्हणून एक दिवस चुनाही लावला. दुखत नव्हतं, म्हणून ते निर्धास्त होते. मधुमेहात पायाच्या नसा बधिर होतात आणि दुखत नाही हीच धोक्याची खूण असते, हे तेव्हा आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. मी विज्ञान शिकवत होते आणि मलाही माहीत नव्हतं.

एकोणीस दिवस गेले. वास यायला लागला तेव्हा मी हट्टानं दवाखान्यात न्यायला निघाले. त्या सकाळी बाबा मोरीत बसले होते, बराच वेळ. मी डोकावले तर वजरीनं पाय घासत होते. टाचा नव्हेत, ती जखम आणि तिच्या भोवतीची बोटं. हळदीचा पिवळा रंग जाईना म्हणून. पाण्यात पिवळं आणि लाल मिसळून वाहत होतं आणि त्यांच्या चेहऱ्यावर वेदनेची एक रेघ नव्हती. मला म्हणाले, "उगाच बोलणी कशाला खायची."

डॉक्टर तरुण होते, वागायला सौम्य होते. त्यांनी विचारलं, "किती दिवस झाले?" बाबा म्हणाले, "दोन दिवस." "घरी काही केलंत?" असं काही डॉक्टरांनी विचारलं नाही. त्यांनी तसं विचारलं असतं तर बाबा बोलले असते की नाही, कोण जाणे. मी शेजारी उभी होते. बाबांच्या नखांच्या कडेला अजून पिवळी किनार होती, ती मला दिसत होती. मी गप्प बसले. बापाला सगळ्यांसमोर खोटं कसं पाडायचं, या एका विचारानं. दोन दिवसांची जखम समजून मलम आणि गोळ्या मिळाल्या, चार दिवसांनी बोलावलं. चौथ्या दिवशी ताप चढला होता. मोठ्या रुग्णालयात आधी दोन बोटं काढली, आणि ऑगस्टमध्ये गुडघ्याखाली पाय.

एकोणीस दिवस म्हटलं असतं तर पाय वाचलाच असता, असा दावा मी करत नाही. पण त्या तरुण डॉक्टरांसमोर जखमेची खरी गोष्ट आली असती. ती आमच्या तोंडात होती आणि तिथेच राहिली.

तुमची बाजूही मी ऐकली आहे. माझी भाची सर्जरीची रेसिडेंट असताना रात्री दमून आमच्याकडे यायची, तेव्हा तिला मी हेच सगळं बोलून दाखवलं. ती चिडली नाही, तिनं नीट समजावलं. हळद लावली की जखमेच्या कडा पिवळ्या होतात आणि लाली कुठवर पसरली आहे तेच दिसत नाही. पाल्याचा चोथा वाळून जखमेत रुततो, तो कणाकणानं काढावा लागतो, पेशंट ओरडतो आणि मागची रांग वाढते. चुन्यानं कातडी भाजते ती वेगळीच. शेण किंवा माती लावलेली असेल तर धनुर्वाताची भीती, कारण त्याचे जंतू मातीत आणि शेणातच टिकून असतात. भाजलेल्यावर टूथपेस्ट, शाई, तूप, अंड्यातलं पांढरं, काय वाटेल ते फासून लोक येतात, आणि ते काढताना कातडी सोलून निघते. पहिली वीस मिनिटं नळाचं वाहतं पाणी सोडलं असतं तर निम्मं काम झालं असतं. "मावशी, आम्ही ओरडतो ते यासाठी," ती म्हणाली. मला तिचं पटलं. बाजारातल्या सुट्या हळदीत मेटॅनिल यलोसारखे रंग मिसळतात, हे मीच वर्गात शिकवत असे. ती हळद उघड्या मांसावर टाकणं चूकच.

पण ओरडल्यानं चुना थांबत नाही. ओरडल्यानं फक्त चुना धुऊन माणूस तुमच्यासमोर येतो. मग चुन्यानं भाजलेली कातडी तुम्हाला दिसते आणि तिचं कारण कळत नाही.

आणि दुसरं असं की सगळंच काही चुना-शेण नाही. हे सांगायला मला आपल्याच शहराबाहेर जावं लागत नाही, याचा मला अभिमान आहे. परळच्या वाडिया बाल रुग्णालयातले डॉ. मनोहर केसवानी आणि त्यांचे सहकारी यांनी भाजलेल्या जखमांसाठी उकडलेल्या बटाट्याच्या सालींची ड्रेसिंग वापरली आणि १९८५ साली त्याचा अहवाल 'बर्न्स' या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. साली गॉजवर एकीला एक लागून चिकटवायच्या, निर्जंतुक करायच्या आणि आतली बाजू जखमेवर येईल अशा बांधायच्या. आमच्या चाळीतून वाडिया चालत दहा मिनिटांवर. आम्ही बटाटे सोलून साली टाकत होतो, आणि तिथे त्याच सालीखाली पोरांची कातडी नव्यानं येत होती.

त्यानंतर सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केळीचं पान घेतलं. २००३ साली त्यांचे दोन लेख 'बर्न्स'मध्येच आले. एक भाजलेल्या जखमांवर, दुसरा कातडी लावण्यासाठी मांडीवरून कातडी काढतात त्या जागेवर. केळीचं पान मेणचट, गुळगुळीत असतं. ते जखमेला चिकटत नाही, त्यामुळे ड्रेसिंग बदलताना जीव जात नाही. ज्यानं कधी भाजलेल्या माणसाचं चिकटलेलं गॉज ओढताना पाहिलं आहे, त्याला या एका वाक्याची किंमत कळेल. बटाट्याच्या सालीशी तुलना केली तेव्हा केळीच्या पानाची ड्रेसिंग अकरा पटींनी स्वस्त पडली. दादरला स्टेशनबाहेर वसईकडच्या बायका केळीच्या पानांच्या गुंडाळ्या घेऊन बसतात, गणपतीत त्यांना बोलायला उसंत नसते. मी त्यांच्यातल्या एकीला हे सांगितलं तर तिनं पानावरून हात फिरवला आणि म्हणाली, "आमच्याकडे कांजिण्या आल्या की पोराला याच्यावरच निजवतात." तिला ठाऊक होतं ते पान निर्जंतुक करून, मोजून, लिहून सिद्ध करणं हे सायनच्या डॉक्टरांचं काम, आणि दोन्ही माझ्या लेखी मोठं आहे.

मधाचं काम आपल्या सोलापूरचं. डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी भाजलेल्या १०४ रुग्णांचे दोन गट केले, ५२ जणांना मध, ५२ जणांना सिल्व्हर सल्फाडायझिन, म्हणजे तुमच्या टेबलावरचं ते पांढरं मलम. १९९१ साली हा अभ्यास ब्रिटिश शल्यचिकित्सकांच्या नियतकालिकात आला. सात दिवसांत मधाच्या गटातल्या ९१ टक्के जखमा जंतुमुक्त झाल्या होत्या, मलमाच्या गटातल्या ७ टक्के. पंधरा दिवसांत भरलेल्या जखमा एकीकडे ८७ टक्के, दुसरीकडे १०. मध जखमेतलं पाणी ओढून घेतो, आम्लधर्मी असतो, आणि त्यात हळूहळू हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं, म्हणून जंतूंना तिथे राहणं अवघड जातं. आता हे वाचून कुणी घरातल्या बाटलीतला मध बापाच्या पायात ओतू नये. ती बाटली जखमेसाठी भरलेली नसते, आणि मधुमेहाचा पाय ही भाजलेली कातडी नव्हे.

या तिन्ही गोष्टींत एक धागा आहे, तो मी मुलांना शिकवत असे. जखम उघडी ठेवून वाळवावी, खपली धरू द्यावी, अशी जुनी समजूत होती. १९६२ साली जॉर्ज विंटर यांनी डुकरांवर प्रयोग करून दाखवलं की झाकलेली, ओलसर राहिलेली जखम उघड्या जखमेपेक्षा लवकर भरते. साल, पान, मध हे तिन्ही जखमेला ओलसर ठेवतात. सुश्रुतानं ताज्या जखमेवर मध-तूप सांगितलं, वड-उंबर-पिंपळ यांच्या सालींच्या काढ्यानं जखम धुवायला सांगितली, आणि जखमेसाठी एकंदर साठ उपक्रम सांगितले, त्यात औषधं आहेत तशी शस्त्रकर्मंही आहेत. कापणं आणि लेप लावणं ही दोन भांडणारी घरं आहेत असं त्या ग्रंथात कुठेच दिसत नाही.

भगंदरावरचं, म्हणजे गुदद्वाराजवळ होणाऱ्या नळीसारख्या जखमेवरचं, क्षारसूत्र तर आधुनिक पद्धतीनंच तपासलं गेलं. निवडुंगाचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद यांची पुटं चढवलेला दोरा. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेनं वेगवेगळ्या केंद्रांत ५०२ रुग्णांवर केलेली चाचणी १९९१ साली प्रसिद्ध झाली. दोऱ्यानं भरायला सुमारे आठ आठवडे लागले, शस्त्रक्रियेनं चार. पण वर्षभरात पुन्हा उद्भवण्याचं प्रमाण दोऱ्यात ४ टक्के, शस्त्रक्रियेत ११. वेळ जास्त आणि खात्री जास्त, दोन्ही लिहिलं. मला अशीच तपासणी हवी आहे, भावनेच्या भरात 'आपलं ते सोनं' म्हणणारी नको. एकदांडीचेही प्रयोग उंदरांवर झालेले आहेत. पण उंदराच्या पाठीवरची जखम वेगळी आणि माझ्या बाबांचा पाय वेगळा, हे मला पूर्ण कळतं. आणि 'आयुर्वेदिक' म्हणून दुकानातून आणलेलं जात्यादी तेल नुसतं जाईच्या पाल्याचं नसतं, त्यात मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेटही असतो. तेही कुणी लावलं असेल तर तुम्हाला कळायला हवं.

ऑगस्ट १९९७. बाबा वॉर्डात होते, पाय काढून आठवडा झाला असेल. पेपरात बातमी आली की हळदीचं पेटंट अमेरिकेनं रद्द केलं. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट १९९५ साली मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळालं होतं. गिरगावात वाढलेले डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे, महासंचालक होते, त्यांनी ते लढवलं. आपल्या बाजूनं ३२ लेखी संदर्भ मांडले गेले, जुने ग्रंथ होते आणि १९५३ साली भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात आलेला एक लेखही. मी ती बातमी बाबांना वाचून दाखवली. त्यांनी सगळी ऐकली. म्हणाले, "म्हणजे हळद आपलीच." मग बराच वेळ छताच्या पंख्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "तेव्हा डॉक्टरांना सांगायला हवं होतं काय गो?"

मला उत्तर देता आलं नाही. पण त्या लढ्यातली एक गोष्ट मनात रुतून राहिली. कोट्यवधी आया पिढ्यान्‌पिढ्या हळद लावत आल्या, हे कुणीही सांगितलं असतं. पेटंट ऑफिसात चाललं ते लिहिलेलं. आणि आज तुमच्या टेबलावर रोज जी माणसं येतात, त्यांनी काय लावलं, कशानं बरं वाटलं, कशानं चिघळलं, यातलं लिहिलं किती जातं? मुंबईत सगळ्या मुलखांतली माणसं येतात. मोखाड्याचा मजूर येतो, आजमगढचा टॅक्सीवाला येतो, आरेच्या पाड्यातली बाई येते. प्रत्येकाच्या जखमेवर आपापल्या गावचा पाला असतो. एवढी मोठी नोंदवही दुसऱ्या कुठल्या शहराच्या दारात रोज येत असेल? ती आपण चिमट्यानं उचलून बादलीत टाकतो.

विचारायचं कसं, तेही सांगते, कारण नुसतं विचारून भागत नाही. "काही लावलं होतं का?" असं विचारलं तर सगळे "नाही" म्हणतात. त्या "का"मध्येच दटावणी ऐकू येते. "काय लावलं होतं?" म्हणा. लावलंच असणार, हे गृहीत धरून. "हळद लावली होती की पाला?" असं दोन नावं घेऊन विचारलंत तर आणखी बरं. बाई लगेच मोकळी होते, "पाला नव्हे हो, घायमारी गरम करून बांधली होती." घायमारी म्हणजे पानफुटी, उत्तरेकडचा माणूस तिलाच पत्थरचट्टा म्हणेल. नावातच घाय आहे, घाय म्हणजे जखम. नाव नाही कळलं तर ती सांगेल तसंच लिहा. "कधी लावलं, किती दिवस, धुतलं होतं का," एवढं पुढे. सगळं मिळून अर्धं मिनिट. आणि मग जे चुकीचं असेल ते जरूर सांगा, ठणकावून सांगा, पण कारणासकट सांगा. "चुन्यानं कातडी भाजते, म्हणून नको." "हळदीनं मला जखमेची लाली दिसत नाही, म्हणून इथे येण्याआधी लावू नका." कारण कळलं की आमच्या बायका शहाण्या आहेत. पोलिओच्या थेंबांचं कारण कळल्यावर याच बायका पोरं कडेवर घेऊन बूथसमोर उभ्या राहिल्या.

सुश्रुतानं रोग जाणून घेण्याचे सहा मार्ग सांगितले आहेत. पाच आपल्या पाच इंद्रियांचे, बघणं, हात लावून पाहणं, ऐकणं वगैरे, आणि सहावा प्रश्न विचारण्याचा. पहिले पाच मार्ग तुम्ही दिवसभर राबवता. सहाव्याला रांग वेळ देत नाही, हे मला दिसतं. म्हणूनच माझी दुसरी विनंती दवाखाने चालवणाऱ्यांना आहे, मग ते पालिकेचे असोत, सरकारी असोत की खासगी. जखमेच्या केस पेपरवर एक ओळ छापा: "घरी काय लावले." ओळ छापलेली असली की ती भरावी लागते. शिकाऊ डॉक्टर आणि नर्सिंगच्या मुली ती भरतील, आणि वर्षभरानं कुणीतरी त्या ओळी एकत्र मांडून बघेल. कशानं पोळलं, कशानं काही बिघडलं नाही, काय नीट तपासून पाहण्याजोगं आहे. वाडियाची साल आणि सायनचं पान ज्यांच्या डोळ्यांना दिसलं, तसे डोळे तुमच्यात आजही असणार.

आमच्या बाजूचं काम मी करते आहे. चाळ पाडून टॉवर झाला, आमच्या मजल्यावर दर महिन्याला बायकांची भिशी असते, तिथे मी हेच बोलते. भाजलं की आधी नळाखाली धरा. मातीत लागलं की इंजेक्शन. मधुमेहाच्या माणसाच्या पायाला फोड आला की पाला नाही, हळद नाही, त्याच दिवशी दवाखाना. रोज रात्री त्याचे तळवे दिव्याखाली बघा, त्याला दुखत नाही म्हणून तुम्ही बघा. आणि काही लावलं असेलच तर धुऊन लपवू नका, तसंच जा आणि सांगा. हे शेवटचं सांगताना प्रत्येक वेळी कुणीतरी विचारतं, "आणि ते ओरडले तर?" मी म्हणते, या वेळी नाही ओरडणार. हे मी तुमच्या भरवशावर सांगते.

जखमेवर लोक लावतात त्या पाल्यांची मी एक यादी केली आहे. एकदांडी, घायमारी, घाणेरी, कोरफड, कडुनिंब, उंबराची साल, असे पंचवीस. प्रत्येकाचं पान वाळवून चिकटवलं आहे, खाली मराठी नाव आणि ठाऊक असेल तिथे हिंदी नाव. ड्रेसिंगच्या टेबलामागे भिंतीवर लावता येईल एवढाच कागद आहे. पेशंटला नाव सांगता आलं नाही तर तो बोट ठेवून दाखवू शकेल. पुढच्या सोमवारपासून मी परळ-लालबागच्या दवाखान्यांत स्वतः तो घेऊन येणार आहे. दुपारी रांग ओसरल्यावर येईन, तुमचा खोळंबा करणार नाही. भिंतीवर जागा तेवढी द्या.

कळावे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, परळ